धागा : 'द मॅन केम येस्टरडे' हे वाक्य मुलं कुठून आणतात? इंग्रजीतल्या गळलेल्या 'हू-विच-दॅट'बद्दल

संगमावरची

इंग्रजीत नामाबद्दल जास्तीची माहिती देणारं उपवाक्य कधी कधी 'हू', 'विच', 'दॅट' यांपैकी काहीच न घेता थेट नामाला चिकटतं. 'द बुक आय बॉट', 'द गर्ल यू मेट', 'द हाउस वुई लिव्ह इन'. नाम संपलं की लगेच पुढचा कर्ता सुरू. मी सातारा जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. या रचनेवर वर्गात नेहमी कमी वेळ दिला जातो असं मला वाटतं. 'सर्वनाम कर्म असेल तर गाळता येतं' एवढा नियम फळ्यावर येतो, खाली चार उदाहरणं येतात आणि पुढचा धडा सुरू होतो.

मुलं दोन ठिकाणी अडतात. एक वाचताना. 'द फार्मर द बँक हेल्प्ड बॉट अ ट्रॅक्टर.' बँकेनं मदत केली त्या शेतकऱ्यानं ट्रॅक्टर घेतला. मुलं अर्थ लावतात की शेतकऱ्यानं बँकेला मदत केली, आणि मग उरलेल्या 'बॉट'चं काय करायचं ते त्यांना उमगत नाही. दुसरं लिहिताना. तिथं उलटं होतं, जिथं गाळता येत नाही तिथंच ती गाळतात : 'द मॅन केम येस्टरडे इज माय अंकल.'

हा धागा मुख्यतः या दुसऱ्या चुकीसाठी आहे. मुलांना 'हू' ठाऊक नसतो म्हणून ती होते, असं आपण धरून चालतो. माझं म्हणणं वेगळं आहे. मराठीत ते वाक्य अगदी शुद्ध आहे, म्हणून ती होते. 'काल आला तो माझा मामा.' यात 'जो' कुठे आहे? आपण तो सर्रास गाळतो. 'तू दिलंस ते पुस्तक.' 'मी उतरते तो थांबा.' 'तुम्ही म्हणाल ती पूर्व दिशा.' 'हसतील त्याचे दात दिसतील.' 'मिळेल त्या गाडीनं ये.' आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांच्या तोंडी अजून असलेली 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा घ्या. १९४८चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७चा कृषक दिन ज्या तीन शब्दांत मावला त्यांत 'जो' नाही, आणि तो गळलेला 'जो' कर्ता आहे. जो कसेल, त्याची.

म्हणजे मराठी कर्ता असलेला 'जो'ही गाळते आणि कर्म असलेला 'जो'ही गाळते. इंग्रजी फक्त दुसराच गाळू देते. असं का, हे मुलांना सांगितलं तर नियम पाठ करावा लागत नाही. मराठीत क्रियापद उपवाक्याच्या शेवटी येतं आणि त्याच्या मागोमाग 'तो', 'ती', 'ते', 'त्याचा' हजर होतं. 'काल आला' इथपर्यंत ऐकणाऱ्याला काही ठरवता येत नाही, पण 'तो' आला की कळतं, आधीचं सगळं या 'तो'बद्दल होतं. इंग्रजीत नाम आधी येऊन बसलेलं असतं. त्याच्यानंतर लगेच क्रियापद आलं की कान त्यालाच मुख्य क्रियापद समजतो. 'द मॅन केम येस्टरडे' हे झालं की पूर्ण वाक्य! पुढचा 'इज' मग अनाथ. याउलट 'द बुक आय' असं ऐकलं की दोन नामं मधे स्वल्पविराम नाही, 'अँड' नाही, अशी एकमेकांवर आदळलेली असतात, आणि ते आदळणंच सांगतं की इथून नवं उपवाक्य सुरू झालं.

म्हणून मी मुलांना एवढंच विचारायला शिकवते : नामानंतर लगेच काय आलं? क्रियापद आलं तर 'हू' किंवा 'दॅट' हवाच. दुसरा कर्ता आला तर नसला तरी चालतो.

इथं इंग्रजी शिकवणारे, शिकणारे, कामात वापरणारे बरेच आहेत. तुमच्याकडची वाक्यं टाका.

अभ्यासू_कराडकर

ताई, 'काल आला तो माझा मामा' वाचून थांबलोच. स्पर्धा परीक्षेच्या वाक्यातली चूक ओळखा या प्रश्नात हे हमखास येतं आणि आम्ही ते पाठ करून सोडवतो.

एक शंका. 'द लेटर रिटन बाय हिम वॉज लाँग' बरोबर आहे ना? इथं नामानंतर लगेच 'रिटन' हे क्रियापद आलंय, 'विच' नाही. मग तुमची कसोटी इथं कशी लावायची? आणि जाहिरातींत, सूचनाफलकांवर नेहमी दिसतं : 'कँडिडेट्स अपिअर्ड फॉर द फायनल इयर मे अप्लाय.' आमच्या क्लासमधले म्हणतात चूक आहे, पण का ते कुणी सांगत नाही.

संगमावरची

कराडकर, शंका नेमक्या जागी आहे. याचं उत्तर आपल्या '-लेला' आणि '-णारा' मधे आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

मराठीत उपवाक्याऐवजी आपण क्रियापदाचं विशेषण करून नामाच्या आधी ठेवतो. कराडला जाणारी एसटी. त्यानं लिहिलेलं पत्र. काल आलेला माणूस. इंग्रजीतही असंच होतं, फक्त ते शब्द नामाच्या नंतर येतात : 'द बस गोइंग टू कराड', 'द लेटर रिटन बाय हिम'. '-णारा'ला 'आयएनजी'चं रूप, '-लेला'ला तिसरं रूप, असं समीकरण मुलं आपोआप मनात मांडतात. बऱ्याच वाक्यांत ते चालूनही जातं.

फसतं ते '-लेला'पाशी. आपला '-लेला' उदार आहे. 'लिहिलेलं पत्र' यात पत्रावर क्रिया झाली आहे आणि 'आलेला माणूस' यात माणसानं स्वतः क्रिया केली आहे, दोन्हीकडे रूप तेच. इंग्रजीचं तिसरं रूप नामानंतर असं लावायचं तर त्या नामावर दुसऱ्या कुणीतरी क्रिया केलेली असावी लागते. पत्र लिहिलं गेलं, म्हणून 'द लेटर रिटन' चालतं. माणूस 'आला गेला' असं काही होत नाही, म्हणून 'द मॅन कम येस्टरडे' होत नाही. उमेदवार परीक्षेला स्वतः बसले, त्यांना कुणी 'अपिअर' केलं नाही. तिथं 'कँडिडेट्स हू हॅव अपिअर्ड' असंच लिहायला हवं. 'स्टुडंट्स पास्ड इन फर्स्ट क्लास', 'स्टुडंट्स फेल्ड इन मॅथ्स' ही सगळी त्याच घरातली वाक्यं. मनात 'परीक्षेला बसलेले', 'पास झालेले', 'नापास झालेले' असतं आणि हात तिसरं रूप लिहितो.

थोडे अपवाद नामाच्या आधी येणारे आहेत : 'रिटायर्ड टीचर', 'फॉलन लीव्हज', 'एस्केप्ड प्रिझनर'. शिक्षक स्वतः निवृत्त झाला, पानं स्वतः गळली, तरी चालतं. हे ठरावीक शब्द आहेत, त्यांवरून नवे बनवायला जाऊ नये.

'-णारा'लाही एक अट आहे. 'आयएनजी'चं रूप सहसा मुख्य क्रियापदाच्याच वेळेला चिकटतं. 'उद्या येणारा माणूस' हे मराठीत आरामात होतं, इंग्रजीत 'द मॅन कमिंग टुमॉरो'ही चालतं, पण 'द मॅन कमिंग येस्टरडे इज माय अंकल' होत नाही. येऊन गेलेल्या माणसासाठी 'हू केम' हाच रस्ता.

माझ्या कसोटीबद्दल : 'रिटन' हे एकटं वाक्याचं क्रियापद होऊ शकत नाही, त्याला 'वॉज' किंवा 'हॅव' लागतं. म्हणून 'द लेटर रिटन' ऐकताना कान फसत नाही. 'केम' मात्र एकटं उभं राहू शकतं. अडचण तिथं आहे.

औंधकर

नमस्कार. माझी सगळी नोकरी इंग्रजी पत्रव्यवहारात गेली. बाई, तुमचं विश्लेषण पटलं, पण शिकवण्याबद्दल मतभेद आहे. मुलांना हे गाळणं शिकवूच नये. 'हू', 'विच', 'दॅट' नेहमी घाला म्हणावं. घातलेलं कधीच चूक ठरत नाही, गाळलेलं ठरू शकतं. आधीच त्यांच्यावर इंग्रजीचं ओझं आहे.

कराडकरांच्या शंकेला एक जोड देतो. 'केम'चं रूप आणि 'कम'चं रूप वेगळं तरी आहे. ज्या क्रियापदांचं दुसरं आणि तिसरं रूप सारखंच असतं तिथं खुद्द इंग्रजही ठेचकाळतात. थॉमस बेव्हर या अमेरिकन मानसभाषाशास्त्रज्ञाचं १९७० सालचं एक वाक्य यासाठी प्रसिद्ध आहे : 'द हॉर्स रेस्ड पास्ट द बार्न फेल.' वाचणारा 'घोडा गोठ्यापुढून धावला' इथपर्यंत निर्धास्त येतो आणि शेवटच्या 'फेल'वर आपटतो. अर्थ असा : गोठ्यापुढून दौडवलेला घोडा पडला. 'रेस्ड' इथं तिसरं रूप आहे. 'रेस्ड'च्या जागी 'रिडन' ठेवा, अडचण संपते. तुमचं 'कान लगेच मुख्य क्रियापद समजतो' हे म्हणणं यानं सिद्धच होतं, पण माझंही होतं. सर्वनाम घातलं असतं तर हा प्रसंगच आला नसता.

संगमावरची

औंधकर सर, लिहिण्यापुरतं मी तुमच्याशी सहमत आहे. दहावीपर्यंत मुलांनी सर्वनाम घालूनच लिहावं, तसंच सांगते. पण वाचायचं काय? उताऱ्यातली वाक्यं आपल्या सोयीनं 'हू' घालून येत नाहीत. इंग्रजी बोलणारा माणूस, विशेषतः उपवाक्याचा कर्ता 'आय', 'यू', 'ही', 'वुई' असा छोटा असेल तेव्हा, सर्वनाम बहुतेक वेळा गाळतो. फक्त सर्वनामवाली वाक्यं शिकलेलं मूल बातमी ऐकताना, मोबाइलवर व्हिडिओ बघताना, पुढं कॉलेजात पुस्तक उघडल्यावर त्या गळलेल्या जागी अडखळतंच. राज्यात मराठी माध्यमाला पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. म्हणजे दहावीला पोचेपर्यंत मूल दहा वर्षं ही भाषा शिकतंय. एवढ्या काळात ही रचना ओळखायलाही शिकवू नये, हे मला मान्य नाही. आणि ओझं म्हणाल तर हे ओझं हलकं करणारी मराठी मुलाच्या तोंडात आहेच. 'तू दिलंस ते पुस्तक' आणि 'द बुक यू गेव्ह मी' शेजारी शेजारी लिहून दाखवलं की वर्गातलं शेवटच्या बाकावरचं पोरही मान हलवतं.

जतचा_शिवा

माझी मातृभाषा कन्नड, शिक्षण मराठीत, नोकरी सांगलीत. आमच्या जत भागात अशी घरं पुष्कळ. बाईंनी '-लेला'बद्दल लिहिलं ते वाचून कन्नडचं सांगावंसं वाटलं, कारण तिथं हीच गोष्ट आणखी ठळक आहे.

'मी वाचलेलं पुस्तक' म्हणजे 'नानु ओदिद पुस्तक'. 'काल आलेला माणूस' म्हणजे 'निन्ने बंद मनुष्य'. सकर्मक असो, अकर्मक असो, रूपाची पद्धत एकच आणि नाम शेवटी. आम्ही रोजच्या बोलण्यात असंच बोलतो, 'जो-तो'सारखी जोडी फार कमी वेळा लागते. त्यामुळे शाळेत मराठी शिकताना '-लेला' आम्हाला पहिल्या दिवशी आला, 'ज्याच्या-त्याच्या' मात्र सावकाश आलं.

आता अजून एक बघा. 'नानु कुळित कुर्ची', मी बसलेली खुर्ची. खुर्ची'वर' बसलो, पण 'वर' कुठंच नाही. मराठीतही नाही, कन्नडमध्येही नाही. ऐकणारा समजून घेतो. इंग्रजीत 'द चेअर आय सॅट' म्हटलं की अपुरं. 'द चेअर आय सॅट ऑन' असं शेवटी 'ऑन' टांगावं लागतं. आमच्या भागातल्या पोरांच्या इंग्रजीत हा 'ऑन', 'इन', 'विथ' हमखास गायब असतो. 'द हाउस आय लिव्ह', 'द पेन आय राइट'. शिकवणारे म्हणतात दुर्लक्ष. मला वाटतं, आमच्या दोन्ही भाषांनी आम्हाला शिकवलंय की तो शब्द इथं सोडून द्यायचा असतो.

संगमावरची

शिवा, हे फार मोलाचं लिहिलंत. मी '-लेला'च्या कर्त्याकडे बघत होते, सुटलेल्या 'वर'कडे माझं लक्ष वळवलंत.

यात मराठीची एक मर्यादाही दिसते. 'मी बसलेली खुर्ची' होतं, 'मी राहत असलेलं घर' होतं, पण 'मी गेलेली मैत्रीण' म्हणून 'मी जिच्याबरोबर गेले ती मैत्रीण' असा अर्थ निघत नाही. 'बरोबर', 'साठी', 'विरुद्ध', 'मुळे' अशी शब्दयोगी अव्ययं आली की ती गाळून चालत नाही, मग आपल्याला 'जिच्याबरोबर', 'ज्यासाठी', 'ज्यामुळे' असा पूर्ण 'जो' बाहेर काढावा लागतो. इंग्रजीला इथं काहीच जड जात नाही : 'द फ्रेंड आय वेंट विथ', 'द रूल वुई फॉट अगेन्स्ट'. सर्वनाम गेलं, शब्दयोगी मात्र आपल्या मूळ जागी शेवटी बसून राहिला. तो शेवटचा शब्दच मागं रिकाम्या झालेल्या जागेची खूण आहे. मुलांना मी सांगते, नामाला उचलून उपवाक्याच्या शेवटी परत ठेवून बघा. 'आय लिव्ह द हाउस' होतं का? नाही, 'आय लिव्ह इन द हाउस' होतं. मग तो 'इन' सोडायचा नाही.

आणि हा शब्द पुढं आणला तर सर्वनाम गाळता येत नाही. 'द हाउस इन विच आय लिव्ह' चालतं, 'द हाउस इन आय लिव्ह' कधीच नाही. 'इन दॅट' सुद्धा नाही.

स्वातीनक्षत्र

मी मिरजेला रुग्णालयात परिचारिका आहे. आमच्या केसपेपरवर आणि ड्यूटी बदलताना लिहायच्या नोंदीत सगळीकडे हे असतं : 'द पेशंट ऑपरेटेड येस्टरडे इज स्टेबल.' मनात 'काल ऑपरेशन झालेला पेशंट' असतं. बाहेरच्या राज्यातून आलेले एक डॉक्टर म्हणाले, हे चूक आहे. काय चूक ते घाईत विचारता आलं नाही. आता वर वाचून वाटतंय की इथंही शेवटचा छोटा शब्द सुटलाय. बरोबर का?

आणि 'द पेशंट अॅडमिटेड लास्ट नाइट' हे मात्र बरोबर आहे ना? तेही बदलायचं असेल तर सांगा, नवीन मुलींना मीच शिकवते.

संगमावरची

स्वातीताई, अगदी तोच शब्द. इंग्रजीत डॉक्टर पेशंट'वर' ऑपरेट करतो, 'ऑपरेट ऑन'. म्हणून 'द पेशंट ऑपरेटेड ऑन येस्टरडे'. नुसतं 'ऑपरेट' हे यंत्राला लागतं. कानाला 'ऑन' खटकत असेल तर 'द पेशंट हू हॅड सर्जरी येस्टरडे' लिहा. ते साफ आहे आणि कुणी अडखळणार नाही.

'अॅडमिटेड' बरोबर. पेशंटला अॅडमिट केलं जातं, त्याच्यावर क्रिया होते. 'द पेशंट रेफर्ड फ्रॉम जत', 'द पेशंट शिफ्टेड टू वॉर्ड फोर' हेही बरोबर. 'द पेशंट डाइड', 'द पेशंट कोलॅप्स्ड' मात्र असं चालणार नाही, कारण ते पेशंटचं स्वतःचं झालं. तिथं 'हू' लागतो. तुमच्या कामात वाचणाऱ्यानं एका नजरेत समजायला हवं, तेव्हा शंका आली की 'हू' घालाच. इथं औंधकर सरांचा सल्ला मी जसाच्या तसा देते.

हळदपेठ

सांगलीत आमचं अडतीचं दुकान. परगावच्या आणि परदेशातल्या पार्ट्यांना मेल जातात, इंग्रजी आमच्याकडची पोरं लिहितात. पेठेत सगळ्यांच्या मेलला एकच साचा असतो : 'विच मटेरियल यू ऑर्डर्ड, दॅट मटेरियल वुई हॅव लोडेड.' 'जो माल तुम्ही मागवला तो माल' याचं सरळ इंग्रजी. समोरच्याला कळतं, ऑर्डरही येते. पण दिसायला बरं दिसत नाही म्हणून विचारतो, हे नीट कसं लिहायचं?

संगमावरची

हळदपेठ दादा, 'विच... दॅट...' ही जोडी मराठीची आहे, इंग्रजीत ती नाहीच. तुमचं वाक्य सात शब्दांत होतं : 'द मटेरियल यू ऑर्डर्ड हॅज बीन लोडेड.' नाम एकदाच, पहिल्यांदा. मग 'यू ऑर्डर्ड'. मग मुख्य क्रियापद. 'आम्ही पाठवलेला नमुना' म्हणजे 'द सॅम्पल वुई सेंट'. 'तुम्ही सांगितलेला भाव' म्हणजे 'द रेट यू कोटेड'. 'आम्ही ज्यांच्याशी व्यवहार करतो ती पार्टी' म्हणजे 'द पार्टी वुई डील विथ', इथं 'विथ' सोडू नका. मेलमध्ये हळदीच्या भौगोलिक मानांकनाचा, म्हणजे जीआयचा, उल्लेख करत असाल तर तोही असाच बसतो : 'द जीआय टॅग सांगली टर्मरिक गॉट इन २०१८.' दोन नामं आदळली बघा, 'टॅग' आणि 'सांगली टर्मरिक'.

एक काळजी घ्या. 'द मटेरियल यू ऑर्डर्ड इट' असं करू नका. माल हा शब्द आधी येऊन गेलाय, 'ऑर्डर्ड'पुढची जागा रिकामीच ठेवायची. आपल्या 'तो माल'मुळे हा 'इट' शिरतो.

हळदपेठ

लई उपकार झाले ताई. प्रिंट काढून दुकानात लावतो.

औंधकर

बाई, वाचण्याबद्दलचा तुमचा मुद्दा मान्य. ओळखायला शिकवावंच.

एक वाद इथं मांडण्यासारखा आहे. आपण सगळे 'गळलेलं' म्हणतोय, पण खरंच काही गळतं का? ऑटो येस्पर्सन या डॅनिश व्याकरणकारांना हे म्हणणं मान्य नव्हतं. त्यांनी १९२७ साली आपल्या मोठ्या इंग्रजी व्याकरणात या रचनेला 'कॉन्टॅक्ट क्लॉज' म्हटलं, म्हणजे नामाला टेकून आलेलं उपवाक्य. त्यांच्या मते तिथं आधी काही होतं आणि मग काढून टाकलं असं समजायचं कारण नाही, दोन गोष्टी एकमेकींना चिकटून आल्या एवढंच. त्यांच्या मातृभाषेत, डॅनिशमध्येही, ही रचना रोजची आहे, आणि तिथंही उपवाक्याचा कर्ता असलेलं सर्वनाम असं सोडता येत नाही. जर्मन इंग्रजीची एवढी जवळची नातलग, पण ती सर्वनाम सोडूच देत नाही. पुढे १९८५ साली क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं मोठं व्याकरण आलं. त्यात 'शून्य सर्वनाम' मानलं आहे, म्हणजे जागा आहे, पण उच्चार नाही. मला येस्पर्सन जास्त पटतात. 'तू दिलंस ते पुस्तक' म्हणताना माझ्या मनात 'जे' येऊन परत जात नाही.

इतिहासाची एक गोष्ट. शेक्सपिअरच्या काळातलं इंग्रजी कर्ता असलेलं सर्वनामही सोडत असे. 'देअर इज अ मॅन वाँट्स टू सी यू' असं आजही काही जण बोलतात. म्हणजे आपल्या पोरांचं 'द मॅन केम' इंग्रजीला अगदीच परकं नव्हतं.

संगमावरची

सर, 'देअर इज' नंतर ते अजून का टिकलं, याचं कारण मला माझ्याच मुद्द्यात दिसतं. 'देअर इज' म्हटलं की मुख्य क्रियापद होऊन गेलेलं असतं. पुढचा 'वाँट्स' कान मुख्य समजणारच नाही, फसायला जागा उरत नाही. 'द मॅन केम'ला ती सवलत नाही.

'गळणं' की 'टेकणं' यात मी अजून तुमच्याइतकी ठाम नाही. शेवटी लोंबकळणारा 'ऑन' आणि 'इन' बघते तेव्हा मला रिकामी जागा खरी वाटते. काहीच गेलं नसेल तर 'आय सॅट ऑन' असं अर्धं वाक्य तिथं कसं उभं राहतं?

अभ्यासू_कराडकर

ताई, सराव करताना एक वाक्य सापडलं आणि तुमचा नियम मोडतोय असं वाटलं. 'द मॅन आय थिंक केम येस्टरडे इज हिज अंकल.' इथं 'आला' कोण? तो माणूसच. म्हणजे गळलेलं सर्वनाम 'केम'चा कर्ता आहे. तरी उत्तरसूचीत वाक्य बरोबर दाखवलंय. छापण्यात चूक आहे का?

संगमावरची

छापण्यात चूक नाही, वाक्य बरोबर आहे. 'द ऑफिसर दे सेड वुड कम', 'द गर्ल वुई न्यू हॅड वन' ही याच जातीची. 'कर्म असेल तरच गाळा' हा पाठ्यपुस्तकातला नियम इथं मोडतो, कारण गेलेलं सर्वनाम कर्ता आहे. पण नामानंतर लगेच काय आलं ते बघा. 'द मॅन आय'. दुसरा कर्ता आला, दोन नामं आदळली, कान सावध झाला. पुढे 'केम' आलं तोवर आपण उपवाक्यात आहोत हे ठरून गेलेलं असतं. म्हणून मी कर्म-कर्ता यापेक्षा 'लगेच पुढे काय आलं' हा प्रश्न आधी विचारते.

यावर प्रश्न आला तर उत्तरपत्रिकेत मात्र पुस्तकाचा नियम लिहा, गुण त्याला आहेत.

दोन गोष्टी परीक्षेसाठी टिपून ठेवा. स्वल्पविरामानं तोडलेल्या उपवाक्यात गाळणं नाही. 'माय मदर, हूम यू मेट, इज अ टीचर' यातला 'हूम' काढता येत नाही, कारण आई एकच, तिला ओळखायला उपवाक्याची गरज नाही, ती जास्तीची माहिती आहे. आणि 'हूज' कधीच गळत नाही. 'ज्याचा ऊस गेला तो शेतकरी' म्हणजे 'द फार्मर हूज केन वॉज कट', तिथं दुसरा रस्ता नाही.

जतचा_शिवा

मराठीत 'ऊस गेलेला शेतकरी' होतं की बाई. कन्नडमध्येही होतं.

संगमावरची

होतं! आणि स्वातीताईंचा 'ऑपरेशन झालेला पेशंट' तसाच. 'पाय मोडलेला बैल', 'मुलगी लग्न होऊन गेलेलं घर'. आपला '-लेला' मालकालाही पकडतो. इंग्रजीत याला 'हूज' तरी हवा, नाहीतर 'विथ' : 'अ बुलक विथ अ ब्रोकन लेग'. शिवा, हे मी सोमवारी वर्गात घेणार.

स्वातीनक्षत्र

शेवटचं एक विचारते. आम्ही नोंदीत लिहितो, 'द वे हाउ द पेशंट फेल'. आणि 'द रीझन व्हाय', 'द डे व्हेन' हेही. यातलं काय गाळायचं?

संगमावरची

'द वे' नंतर 'हाउ' घालायचाच नाही, दोघांपैकी एकच : 'द वे द पेशंट फेल' किंवा 'हाउ द पेशंट फेल'. 'द रीझन' नंतर 'व्हाय' आणि 'द डे' नंतर 'व्हेन' ठेवलं तरी चालतं, काढलं तरी चालतं : 'द रीझन शी वॉज शिफ्टेड', 'द डे ही वॉज अॅडमिटेड'. या तीन नामांना शेवटी 'इन', 'फॉर', 'ऑन' टांगायचीही गरज नसते. जागेच्या नामांना मात्र लिहिताना टांगाच : 'द वॉर्ड शी इज इन'.